तोतारामची नजर

५ मे, सोमवार. जळगाव

आकडे कोणाच्या लक्षात राहत नाहीत, माणसं राहतात. — पुण्याहून आलेल्या प्रशिक्षक बाई हे दिवसभर सांगत होत्या. हॉटेलचा हॉल थंड. बाहेर डांबर मऊ झालेलं, चपला चिकटतात.

शासनाचं सांगणं गोष्टीतून सांगायचं. प्रत्येक जिल्ह्याला एक विषय; शेवटी राज्यातून एक गोष्ट निवडणार. धुळ्याच्या वाट्याला सर्पदंश आला. चौधरी साहेबांनी मागं वळून माझ्याकडे बघितलं. त्यांच्या लोकसंवाद कक्षात लिहिणारी मी एकटीच. एम. ए. मराठी, कंत्राटी.

गेल्या पावसाळ्यात जे गेले, ते बहुतेक उशिरा पोहोचल्यामुळे गेले. आधी भगत, मग दवाखाना. पत्रकं काढून झाली. भिंती रंगवून झाल्या. 'अंधश्रद्धा सोडा' लिहिलेल्या भिंतीच्या सावलीत लोक भगताकडे जाणाऱ्या जीपची वाट बघतात. हे मी स्वतः बघितलंय.

परत येताना बसमध्ये सुचलं. भगतच दवाखान्यात नेणारा असेल तर? असा कोणी असेल?

८ मे, गुरुवार

आहे. जामनबारीच्या आरोग्य केंद्रातल्या डॉ. मोहिनीनं फोनवर नाव दिलं — तोताराम, खैरपाणीचा. शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी. सकाळीच प्रेमराजला घेऊन निघाले. कक्षाचा फोटोग्राफर तो, गाडीही तोच चालवतो.

तोताराम पन्नाशीचा. थोडं कापसाचं रान. दारापुढे ओटा, ओट्याला टेकवलेली जुनी मोटारसायकल. बाप भगत होता, आजा भगत होता, म्हणून लोक सवयीनं याच्याकडे येतात. 'पान लागलं' म्हणतात. सापाचं नाव घेत नाहीत, 'जनावर' म्हणतात. हा मंत्र म्हणत नाही. अंगारा लावत नाही. काही विचारतसुद्धा नाही. गाडीवर बसवतो, मागं नातेवाइकाला बसवतो आणि सरळ जामनबारी.

जखम बघता का, मी विचारलं.

'देखीसन काय समजस? मी काय डाक्टर शे?'

आणि साप विषारी नसला तर? उगाच फेरी?

'उगाच तं उगाच. पेट्रोल जास. मानूस तं नही जात.'

त्याची बायको ताईबाई चहा घेऊन आली. म्हणाली, 'त्याले बठ्ठा हसतस. काटा रुतना तरी दवाखानामा.'

जामनबारीत मोहिनीही हसली. 'खरंच आणतो हो काटे रुतलेले. डोकेदुखी आहे. पण त्यानं आणलेला एकही माणूस मी गमावलेला नाही.'

परतताना प्रेमराज म्हणाला, 'मॅडम, फोटोला काही मिळालं नाही. माणूस काही करतच नाही.'

१२ मे, सोमवार

मसुदा प्रशिक्षक बाईंना व्हिडिओ कॉलवर वाचून दाखवला. 'छान आहे. पण सपाट आहे. तुमच्या नायकाकडे असं काय आहे, जे दुसऱ्या कोणाकडे नाही?'

मोटारसायकल, मी म्हणाले. बाई हसल्या नाहीत. 'आणि ती डॉक्टर काढा. दोन नायक झाले की गोष्ट फाटते.'

संध्याकाळी एक वाक्य आलं —

'तोताराम नुसता बघतो. डंख दिसो न दिसो, त्याला कळतं विष किती आणि वेळ किती.'

ते आलं आणि बाकीचं सगळं जागच्या जागी बसलं. त्याची घाई, ती मोटारसायकल, रात्रीचा रस्ता, सगळ्याला कारण मिळालं. मोहिनी गेली. तिच्या जागी 'दवाखाना' आला — एक इमारत, उजेड असलेली.

तो बघत नाही, हे मला माहीत आहे. पण काय बघतो असंही मी लिहिलेलं नाही. नजर म्हणजे काळजी, असंही वाचता येतं.

वाक्य चांगलं आहे. जेवतानाही तेच डोक्यात.

२० मे, मंगळवार

साहेबांनी सगळ्या कक्षाला मोठ्यानं वाचून दाखवलं. शेवटी चष्मा काढून पुसला. 'ज्योत्स्ना मॅडम, हे सरकारी वाटतच नाही!'

आता याचं सगळं होणार. एस. टी. स्टँडवर पोस्टर. अहिराणीत ध्वनिफीत — घंटागाड्यांवर आणि ग्रामपंचायतीच्या भोंग्यावर. वहीगायनाच्या — डफावर गोष्टी गाणाऱ्या — पार्टीला गाणं बांधायला दिलं आहे. शिंदखेड्याकडचे झुलाल नाना, साठ गावांत त्यांचे कार्यक्रम असतात. आणि तीन मिनिटांची फिल्म. ती काल खैरपाणीत झाली. तोतारामला कॅमेऱ्यापुढे काय करावं कळेना. प्रेमराजनं सांगितलं, 'भाऊ, पायाकडे बघा. आता डोळे मिटा. हां, थांबा तसेच.'

त्यानं मिटले. चांगला दिसला.

४ जून, बुधवार

सकाळी धुळ्यात, देवपुरातल्या माझ्या खोलीच्या खिडकीखाली घंटागाडी थांबली आणि माझी गोष्ट सुरू झाली. घरमालकीणबाई बादली घेऊन बाहेर आलेल्या, तशाच ऐकत उभ्या राहिल्या. गाडी पुढे गेली. कचरा हातातच.

मला आनंद झाला. लपवण्यासारखं काही नाही.

दुपारी नशिराबादहून आईचा फोन. 'अगं, तुझा तोताराम आमच्या बायांच्या ग्रुपवर आला. मी सगळ्यांना सांगितलं, माझ्या पोरीनं लिहिलंय. केळीत पाणी भरणारी माणसं नंबर मागताहेत त्याचा.'

त्याच्याकडे नाही जायचं आई, दवाखान्यात जायचं.

'तेच ते,' आई म्हणाली.

१७ जून, मंगळवार

जामनबारीत सर्पदंशाचे रुग्ण वाढले. येणारे वाढले, म्हणजे भगताकडे अडकणारे कमी झाले. साहेबांनी पेढे मागवले. मी मोहिनीला अभिनंदनाचा फोन केला.

'वाढलेत. कुठून येतात, ते विचारा ना.'

कुठून?

'काल एक शिंदखेड्याच्या बाजूचा होता. वाटेत दोन सरकारी दवाखाने लागतात. थांबले नाहीत. म्हणाले, सरकारनंच सांगितलंय, आधी तोताराम.'

आम्ही असं कुठंही लिहिलेलं नाही. संध्याकाळी गोष्ट परत वाचली. कुठंही नाही. गोष्टीत माणसं संकटात सापडतात आणि तोतारामच्या ओट्यावर येतात. मग सगळं ठीक होतं. एवढंच आहे.

२९ जून, रविवार

सुट्टी. साहेबांना न सांगता खैरपाणीला गेले. प्रेमराज आला सोबत.

फाट्यावरच फ्लेक्स. प्रेमराजनं काढलेला तोतारामचा फोटो, खाली माझं वाक्य. चहाची टपरी नवीन. दोन जीप उभ्या, एक अमळनेरहून, एक दोंडाईच्याहून.

अंगणात माणसं नंबरानं बसलेली. पुढे प्लॅस्टिकची खुर्ची, तिच्यात तोताराम. पांढरा सदरा, हातात टॉर्च. पाय पुढे येतो. तो वाकतो, उजेड पाडतो, मग डोळे मिटतो. प्रेमराजनं सांगितलं होतं तसेच. तेवढाच वेळ.

एका म्हाताऱ्याला म्हणाला, 'गाडीवर बस बाबा.' तोतारामचा पुतण्या त्याला घेऊन निघाला. मग एक बाई, पोटरीला फडकं बांधलेली. बघितलं, डोळे मिटले. 'काही नही शे. घर जा.' बाईनं जमिनीला डोकं टेकवलं आणि ती खरंच निघाली. प्रेमराज तिच्या मागे धावला. जामनबारीला सोडतो म्हणाला. तिच्या नवऱ्यानं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. 'तू कोन रे भाऊ? त्यानी देखं ना.' गेले.

मी तोतारामला कुडाआड घेतलं. तुम्ही बघत नव्हता.

'आते देखस.'

का?

'ताई, बठ्ठा लोके अठेच येतस. मनी गाडी एक. कोनले लई जावानं, कोनले नही, ते कोनी तरी देखाले पाहिजे का नही?'

माणसं मीच इथे आणली. एवढी आणली की त्याला निवडावं लागलं. आणि निवडायचं कसं, तेही मीच सांगून ठेवलेलं.

आणि चुकलं तर?

त्यानं टॉर्च विझवला. राग नव्हता. 'तुम्हीनच तं लिखं, माले समजस.'

निघताना ताईबाईनं दारात हात धरला. 'लोके त्याना पाय धरतस. माले भ्याव लागस, बहीन. पहिले हसेत ते बरं व्हतं.'

३० जून, सोमवार

साहेबांना सांगितलं. गोष्ट परत घेऊ.

'परत? राज्याच्या निवडीत पहिल्या पाचांत आहे आपली. धुळ्याचं नाव चांगल्या कारणानं वर शेवटचं कधी गेलं होतं, सांगा.'

मग ते एक वाक्य काढू.

'मॅडम, वरती तेच वाक्य वाचून दाखवलंय.'

मी काल बघितलेलं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं; माणूस वाईट नाही. बेल वाजवून पाणी मागवलं, माझ्यापुढे ठेवायला लावलं. 'शेवटी एक ओळ जोडा. सर्पदंश झाल्यास थेट जवळच्या दवाखान्यात जा. असं काहीतरी.'

जोडली. आवाज देणाऱ्या बाईंना परत बोलावून ध्वनिमुद्रण केलं. 'कोनाकडे बी जाऊ नका, कोनले बी दखाडू नका, जोडेना दवाखानामा जा.' स्पष्ट, सरळ. त्या ओळीत काहीच नाही लक्षात राहण्यासारखं.

९ जुलै, बुधवार

नवी ओळ पोहोचते का ते बघायला आज घंटागाडीच्या मागं चालले. पाच गल्ल्या.

गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबते. गोष्ट सुरू होते. बाया येतात, बादल्या उपड्या होतात. तोताराम बघतो, त्याला कळतं — इथवर येते, तोवर कचरा संपलेला असतो. गाडी निघते. पुढच्या गल्लीत ड्रायव्हर पहिल्यापासून लावतो.

पाचव्या गल्लीत त्याला म्हटलं, भाऊ, शेवटपर्यंत वाजू द्या ना.

'शेवट असतो का याला?' तो म्हणाला.

२० जुलै, रविवार

झुलाल नानांच्या घरी. अंगणात डफ वाळत घातलेले. माझं स्वागत फार केलं. लेखिका आली म्हणून शेजारची माणसं बोलावली आणि मला गाणं म्हणून दाखवलं.

गाण्यात आता दवाखाना नाही. मोटारसायकलही नाही. 'तोतारामनी देखं, इख उतरी गयं' — हे धृपद; इख म्हणजे विष. ते म्हणताना मागचे सगळे साथीदार डोळे मिटतात.

नाना, मी असं लिहून दिलं नव्हतं.

'ताई, तुम्हीन लिखं ते पहिला तीन कार्यक्रममा म्हनं. लोके चहा पेवाले उठी जायेत. दवाखानानं गानं कोन आयकई?' सगळे हसले. मग त्यांनी मला समजावून सांगितलं, घरच्या मोठ्या माणसानं सांगावं तसं. 'तुम्हना जीव त्या वाक्यामा शे. मी तेच धरं. बाकीनं सोडी दिन्हं.'

खरं होतं ते. मीही तेच केलं होतं, मे महिन्यात.

गाणं बदला, मी म्हटलं. नाना हो म्हणाले. बदलणार नाहीत. साठ गावं त्यांना तेच मागतात.

२६ जुलै

सारखा पाऊस. कापसात पाणी. बिळांत पाणी. जनावरं बाहेर पडायचे दिवस.

३ ऑगस्ट, रविवार

आज कानबाईचा सण. सगळं देवपूर जागं. घरमालकीणबाईंकडे चौरंगावर देवी बसवली आहे. प्रसादाचे रोट घरच्यांनीच खायचे असतात म्हणून त्यांनी मला वेगळी खीर दिली आणि उगाच ओशाळल्या. मी खीर खात असताना मोहिनीचा फोन आला.

रूपा. वीस वर्षांची. शिंदखेड्याकडच्या वाडीतली. परवा जमिनीवर झोपली होती. पहाटे उठली ती पोट दुखतं म्हणत. झोपेत काहीतरी टोचलं असंही म्हणाली. डाग कुठेच नाही. बापानं जीप केली, खैरपाणीला नेलं. तोतारामनं टॉर्चनं दोन्ही पाय बघितले, हात बघितले. डोळे मिटले. घरी जा म्हणाला.

दुपारी तिच्या पापण्या उघडेनात. मग गिळता येईना. तोताराम काही नाही म्हणालाय म्हणून कोणी हललं नाही. संध्याकाळी गेली.

'मण्यार,' मोहिनी म्हणाली. 'मण्यारीचा डंख दिसत नाही, ज्योत्स्ना. दुखतही नाही फारसं. मलासुद्धा बघून कळलं नसतं. म्हणून तर बघत बसायचं नसतं, आणायचं असतं. तो आणत होता.'

तिला हे त्या वाडीच्या आशा सेविकेकडून कळलं. सेविका वाडीत पोहोचली तोवर अग्नी दिला होता.

बाहेर बाया कानबाईची गाणी म्हणत होत्या. मी खिडकी लावून घेतली.

५ ऑगस्ट, मंगळवार

साहेबांनी काही बोलण्याआधी कागद पुढे केला. आलेख. जिल्ह्यातले सर्पदंशाचे मृत्यू, गेल्या पावसाळ्यातले आणि या. रेघ खाली येते.

'तुम्ही म्हणता माणसं मरताहेत. इथे कमी झालेत.'

मी रूपाचं नाव सांगितलं. त्यांनी संगणकावर शोधलं. आहे. मृत्यूचं कारण: पोटदुखी, आकस्मिक.

तेव्हा कळलं. तोताराम ज्याला घरी पाठवतो, त्याला साप चावलेला नसतो. तो मेला तरी चावलेला नसतो. घरचे तसं सांगतात, नोंद तशी होते. तोताराम जितका चुकेल, तितकी रेघ खाली येईल.

हे मी त्यांना सांगितलं. सांगताना माझाच आवाज मला लांबून आल्यासारखा वाटला. साहेबांनी आलेख स्वतःकडे ओढला.

'हे तुम्ही कोणाला लेखी दिलंय का?'

मोहिनीनं दिलंय. वरती.

'काय म्हणाले?'

तपासू म्हणाले.

'मग तपासतील.' त्यांनी कागद फाईलमध्ये ठेवला. 'तुमची ऑर्डर सप्टेंबरला संपते ना, मॅडम?' धमकी नव्हती. खरंच आठवत नव्हतं त्यांना. तरी दिवसभर तो प्रश्न माझ्याबरोबर होता.

१० ऑगस्ट, रविवार

रूपाच्या घरी गेले. का गेले, हे जाताना ठाऊक होतं. सांगायचं होतं.

बापाचं नाव हिलाल. डोकं भादरलेलं. सरकारातून कोणी आलं म्हणून खाट टाकली, शेजाऱ्याकडून कप आणवले. मुलीचा फोटो अजून फ्रेमला दिलेला, घरात नव्हता. आई आतल्या खोलीत, बाहेर आली नाही.

थोड्या वेळानं त्यानंच विचारलं. 'ताई, तुम्ही शिकेल शेतस. ते काय व्हई मंग? येक दिनमा असं काय व्हस मानूसले?'

मी सांगितलं. सापच होता. मण्यार. त्याचा डाग दिसत नाही. वेळेत इंजेक्शन मिळालं असतं तर रूपा वाचली असती. तोतारामला बघून कळत नाही. कोणालाच कळत नाही.

तो शांतपणे ऐकत होता. मला वाटलं, आता उठेल, काहीतरी फेकेल. फेकायला हवं होतं.

'नही ताई,' तो म्हणाला. समजूत काढल्यासारखा. 'जनावर नव्हतं. तो देखस ना. भोंगावर रोज सांगतस.'

ते मी लिहिलंय, हिलालभाऊ. ते खरं नाही. मी बनवलंय.

त्यानं माझ्याकडे नीट बघितलं. मग माझ्या चपलांकडे, पर्सकडे. 'आपला मानूस मोठा व्हयना का असंच बोलतस,' असं तो बाजूला बसलेल्या भावाला म्हणाला. माझ्याशी पुढे काही बोलला नाही. चहा मात्र पूर्ण प्यायला लावला.

१६ ऑगस्ट, शनिवार

तोतारामकडे गेले. काल ग्रामपंचायतीनं झेंड्यापुढे त्याला शाल दिली. ती अंगावर होती.

बघणं बंद करा, म्हटलं. सगळ्यांना पाठवा. गाड्या मी मागते, जीपवाल्यांशी बोलते, मोहिनी बोलेल. नुसतं बघू नका.

'आतेपावत येक भी चुकना नही मी.'

रूपा?

'ते जनावर नव्हतं.'

सापच होता.

'तुम्हीन देखं?'

नाही. पण तुम्हाला बघून कळत नाही, तोतारामभाऊ. तुम्हीच मला म्हणाला होता, मी काय डॉक्टर आहे. मी ते मनानं लिहिलं. गोष्ट बरी व्हावी म्हणून.

तो हसला. मोकळं हसला, मला वाटतं मे महिन्यानंतर पहिल्यांदाच. 'ताई, तुम्हीन माले देखीसनच लिखं ना? माले सोताले ठाऊक नव्हतं. मना बापले ठाऊक नव्हतं. तुम्हीन दखाडं.' मग खुर्चीकडे गेला. माणसं उठून उभी राहिली.

ताईबाईनं या खेपेला हात धरला नाही. चहाही विचारला नाही.

परतताना गाडीत प्रेमराज म्हणाला, 'डोळे मिटायला मी सांगितलं होतं.'

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा

आपली गोष्ट राज्यात पहिली. साहेबांनी कक्षाबाहेर तोरण लावलं. पुढच्या महिन्यात कार्यक्रम. लेखिकेनं पाच मिनिटं बोलायचं: 'गोष्टीमागची गोष्ट.' सगळ्या जिल्ह्यांचे अधिकारी समोर असणार, वर्तमानपत्रं असणार.

ठरवलं. तिथे सांगायचं. रूपाचं नाव घेऊन. तोपर्यंत कोणाला कळू द्यायचं नाही.

दुपारभर लिहीत बसले. नायक नको. नजर नको. काय झालं ते, ज्या क्रमानं झालं त्या क्रमानं. सरळ लिहिणं एवढं जड कधी गेलं नव्हतं. एक वाक्य चांगलं झालं की भीती वाटते, खोडते.

संध्याकाळी प्रेमराजला वाचून दाखवलं. त्यानं मान खाली घालून ऐकलं.

'मॅडम, बोला तुम्ही. बोलायलाच पाहिजे. पण ऐकून लोक रडतील, टाळ्या वाजवतील. आणि म्हणतील, बाई काय बोलली.' थांबून म्हणाला, 'घंटागाडी तर तीच वाजवत राहील.'

मग म्हणाला, तोपर्यंत ओट्यावर आपण बसू. आळीपाळीनं. घरी पाठवला की आपल्या गाडीत घालायचा, भांडून. सोमवारपासून रजा टाकतो.

इतकं साधं मला का सुचलं नाही? सुचलं ते भाषण.

२५ ऑगस्ट, सोमवार

प्रेमराज खैरपाणीत. दोघांना जामनबारीला नेलं. एकानं शिव्या दिल्या. एकाला खरंच इंजेक्शन लागलं, घोणस होती. तोताराम प्रेमराजशी बोलत नाही, पण हाकलतही नाही.

उद्या संध्याकाळी प्रेमराज परत येणार. परवा दुपारपासून मी.

२७ ऑगस्ट, बुधवार

तोताराम गेला.

पहाटे अंथरुणात त्याला काहीतरी लागलं. ताईबाईनं टॉर्च धरला. त्यानं स्वतःचा पाय बघितला, डोळे मिटले, काही नाही म्हणाला आणि परत आडवा झाला. ती दवाखान्यात चला म्हणत राहिली. सकाळी त्याला बोलता येत नव्हतं.

मी पोहोचले तेव्हा अंगण भरलेलं होतं. पुरुष ओट्याखाली, बाया कुडाजवळ. कोणी बोलत नव्हतं. सगळ्यात मागं थाळनेरकडची एक बाई, मांडीवर सात-आठ वर्षांची मुलगी. मुलीच्या पापण्या मिटत होत्या. मी विचारलं, कधीपासून बसलात?

उजाडल्यापासून, म्हणाली. तिला वाटलं, नंबर आहे.